अंधाराचं परमिट

वायरमनच्या आठवणी म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी विचारायच्या असतात. एक, तुम्हाला शॉक कितीदा बसला? आणि दुसरी, तुम्ही लोक फोन का उचलत नाही? पहिल्याचं उत्तर मी हसून देतो. दुसऱ्या प्रश्नाला मी आजतागायत उत्तर दिलेलं नाही.

वीज बोर्डातली माझी सगळी नोकरी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत गेली. आडवे झालेले खांब, जळलेले डीपी, वीज चोरायला तारेवर टाकलेले आकडे, आणि ते आकडे काढायला गेलं की दारात येऊन शिव्या घालणाऱ्या माणसांच्या नाना तऱ्हा, हे सगळं लिहायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. बायको म्हणाली, त्या वादळाचं लिहा. वादळाचं दरवर्षी कोणीतरी लिहितंच. मी अंधाराचं लिहिणार आहे. हयातभर घरोघर उजेड नेणारा माणूस निवृत्तीनंतर अंधार मागायला एका बाईच्या दारात जाऊन उभा राहिला, त्याची ही हकिकत आहे. आणि खरं सांगतो, सगळ्या नोकरीत आली नाही एवढी मजा मला या उद्योगात आली!

पण आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तिला आम्ही परमिट म्हणतो. लाईनवर काम करायचं तर वायरमन आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर लाईन बंद करतो, मग वायरमन खांबावर चढतो. काम संपलं की खाली उतरून परमिट परत करतो, तेव्हा कुठे लाईन चालू होते. आणि यातली मुख्य मेख अशी की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. साहेबाचा, सरपंचाचा, आमदाराचा, कुणाचाही शब्द तिथे चालत नाही.

हिर्डोशीकडे एकदा भर पावसाळ्यात तार तुटून भातखाचरात पडली होती. मी परमिट घेऊन खांबावर चढलो. मोबाईलला रेंज नाही, वरंधा घाटाकडून असा वारा की खांब डुलतोय. इकडे खालच्या गावातल्या एका पिठाच्या गिरणीवाल्याचा धीर सुटला. त्यानं दुकानातल्या फोनवरून सबस्टेशनला सांगितलं, "म्या धुमाळ वायरमन बोलतोय. काम झालंय, सोडा लाईन." ऑपरेटर शिंदे माझा आवाज ओळखून होता. तो म्हणाला, "धुमाळ असशील तर माझ्या सासऱ्याचं गाव सांग." गिरणीवाल्यानं फोन ठेवला. मी त्या वेळी दोन्ही हातांत तार धरून बसलो होतो. आज हे लिहितोय ते शिंद्याच्या सासऱ्यामुळे. तेव्हापासून परमिट म्हटलं की मी देवळात शिरल्यासारखा गंभीर होतो.

आता कातळवाडी. वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पूर्वेला, एका पठाराच्या कडेला बसलेली एवढीशी वस्ती. घरं एका ओळीत, गोठे थोडे खाली, आणि मधली पायवाट कातळातली. त्या वाटेवर वाडीतल्या अनसाआक्काचा नवरा गेला. संध्याकाळी गुरांना वैरण टाकायला निघाला आणि अंधारात फुरशावर पाय पडला. झोळी करून डांबरीपर्यंत आणला, तेवढ्यात संपलं सगळं. त्यानंतर ही बाई आमच्या वेल्ह्याच्या ऑफिसात येऊन बसायला लागली. भांडायची नाही, रडायची नाही. बाकावर बसायची आणि साहेब दिसले की म्हणायची, "वाटंवर एक दिवा पायजे." साहेब बदलले, बाक तोच राहिला. शेवटी दिवा मंजूर झाला आणि खांब उभा करायला मीच गेलो.

दिवा लागला तेव्हा आक्कानं खांबाला हळदकुंकू वाहिलं आणि मला नारळ दिला. मीही भरात येऊन म्हणालो, "आक्का, मी आहे तोवर हा दिवा विझू देणार नाही." बटणाची पेटी मी तिच्या ओट्यासमोरच्या खांबावर बसवली. रोज तिन्हीसांजेला दिवा लावायचं काम तिनं आपणहून घेतलं. बटण दाबायची, दिवा लागला की त्याला हात जोडायची आणि मग घरातल्या देवापुढे निरांजन लावायला जायची. देवाआधी बोर्डाच्या दिव्याला नमस्कार! याचा मला फार अभिमान होता, आणि मी तो चारचौघांत सांगतही असे.

त्यानंतर नोकरी संपत आली असताना एका संध्याकाळी ऑफिसात फोन आला. पलीकडे बाईमाणूस होतं.

"कातळवाडीच्या वाटेवरचा दिवा..."

"गेला का? उद्या बघतो."

"नाही, चालू आहे. तीच तक्रार आहे."

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. वीज नाही म्हणून लोकांनी माझी गचांडी धरली होती, पण वीज आहे म्हणून तक्रार करणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं. शिडी मोटरसायकलला बांधली आणि चार खडे बोल सुनवायचे म्हणून तडक निघालो.

पठारावर एक पांढरी नळी तिकाटण्यावर उभी होती आणि भोवती सात-आठ माणसं कानटोप्या घालून थरथरत होती. फोन करणाऱ्या होत्या जगताप मॅडम, भोरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या. बाकीचे त्यांच्या आकाशमित्र मंडळाचे सभासद. त्यांत भोरमध्ये लग्नाचे फोटो काढणारा सलीम होता. त्याला मी ओळखत होतो, कारण माझ्या मुलीच्या लग्नात त्यानं मला जेवणाच्या ताटावरून तीनदा उठवलं होतं. मी तोंड उघडणार तोच मॅडम म्हणाल्या, "भाऊ, आलाच आहात तर आधी हे बघा, मग भांडू." मी नळीला डोळा लावला.

शनी होता. पुस्तकातल्यासारखा, कड्यासकट! एवढासा, स्वच्छ, काळ्या कापडावर टाचल्यासारखा. मी डोळा काढला, नळीच्या पुढच्या तोंडाला कोणी चित्र चिकटवलंय का ते चाचपून बघितलं आणि पुन्हा डोळा लावला. तोंडून एकच शब्द निघाला, तो इथे छापता येणार नाही. भांडण तिथेच संपलं. शिडी न सोडता मी उशिरा घरी परतलो आणि बायकोला उठवून शनीचं सांगितलं. तिला आधी वाटलं, साडेसाती सुरू झाली.

दिव्याबद्दलचं आपलं म्हणणं मॅडमनी मला दुसऱ्या भेटीत पटवलं. त्यांना वाटेवरचा उजेड नको होता असं नव्हे, आकाशात जाणारा उजेड नको होता. आमचे दिवे अर्धा उजेड खाली टाकतात आणि अर्धा वर वाया घालवतात, हे इतकी वर्षं खांबावर चढून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा उभा कापला, आतून पांढरा रंग मारला आणि दिव्याला टोपी घातली. वर अंधार झाला आणि खाली वाटेवर दुप्पट लख्ख. आक्कानं वाकून बघितलं. "आता मुंगी बी दिसतीया," म्हणाली. सगळे खूश.

निवृत्त झालो आणि मंडळाचा पक्का सभासद झालो. तेवढ्यात मंडळानं पठारावर कायमची वेधशाळा बांधायचं ठरवलं. वेधशाळा म्हणजे फार काही नाही, दगडी भिंतींची एक खोली. पण तिचं छप्पर सरकतं! संध्याकाळी छप्पर ढकलून बाजूला करायचं, की खोलीत आकाश. मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं आपला पडीक माळ दिला. गवंडी म्हणून भोरचे गौतम मिस्त्री आले, हात असा साफ की त्यांच्या भिंतीवर गोटी ठेवली तर कुठे घरंगळावं हे तिला कळायचं नाही. छपराला चाकं कुठली बसवायची यावर बैठका झाल्या. कोणी म्हणालं परदेशातून मागवू. शेवटी शिवऱ्याला हायवेवर एका ढाब्याचं सरकतं फाटक मी बघितलं, ज्यानं ते केलं त्याला गाठलं आणि तसलीच लोखंडी चाकं नि तसलेच रूळ बनवून घेतले. टेम्पो पठाराच्या पायथ्यापर्यंतच येई. तिथून पुढे सिमेंट, वाळू, अँगल सगळं कातळवाडीच्या लोकांनी डोक्यावरून वर नेलं. छप्पर पहिल्यांदा सरकलं तेव्हा असा खडखडाट झाला की खाली गुरं दावणीला ओढ द्यायला लागली, आणि आम्ही पोरांसारखे नाचलो.

मग फजिती झाली. खोलीच्या मधोमध दुर्बिणीसाठी एक जाडजूड खांब होता, थेट खालच्या कातळात रोवलेला. खोलीची फरशी त्या खांबाला टेकवायची नाही, सगळ्या बाजूंनी चार बोटं फट ठेवायची, असं मॅडमनी बजावलं होतं. माणूस फरशीवर चालला की फरशी हलते, आणि खांब तिला चिकटलेला असला की दुर्बीणही हलते. मिस्त्रींनी मान डोलावली. पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सगळी झाडलोट झाल्यावर त्यांना ती फट काही बघवेना. त्यांनी ती सिमेंटनं सफाईदार भरली, वरून घोटली आणि कडेला लाल रंगाची नाजूक पट्टीही ओढली.

उद्घाटनाला भोंगवलीपासून माणसं टेम्पोनं आली. नारळ फुटला, पेढे वाटले. भोंगवलीच्या एका आजोबांनी दुर्बिणीतून चंद्र बघितला आणि फार वेळ डोळाच काढला नाही. मग गंभीरपणे विचारलं, "हितला सातबारा कुनाच्या नावावर हाय?" मॅडम म्हणाल्या, कुणाच्याच नाही. "मग नुसती पडीक हाय म्हना की एवढी जिमीन," म्हणून त्यांनी हळहळ व्यक्त केली.

सगळे पांगल्यावर सलीमनं कॅमेरा लावला. ताऱ्यांचा फोटो लग्नाच्या फोटोसारखा एका क्लिकमध्ये निघत नाही. कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा, म्हणजे थेंबथेंब उजेड साठतो. असे पुष्कळ फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकमेकांवर चढवायचे, तेव्हा कुठे डोळ्याला न दिसणारं काही उमटतं. तेवढ्या वेळात पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बिणीलाही मोटरीनं ताऱ्यामागे हळूहळू फिरवायचं. सलीम म्हणायचा, "काका, नवरीला हलू नको म्हणता येतं. हितं आपुनच हलतोय, कुनाला दटावायचं?" तर त्या दिवशीचा फोटो आला आणि प्रत्येक तारा म्हणजे एकेक जिलबी! मोटर तपासली, वायरिंग तपासलं, माझ्यावर संशय घेतला गेला. शेवटी मॅडमच्या पायाखाली ती लाल पट्टी आली. त्या खाली बसल्या आणि बोटानं पट्टी चाचपत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "मॅडम, फट ठिवून फरशी सोडली आसती तर लोकं काय म्हनली आसती? गौतम मिस्त्रीला फरशी बसवाया येत न्हाई म्हनली आसती. आन् उंदीर शिरला आसता तो येगळाच." मॅडमनी त्यांना दुर्बिणीशी उभं केलं, डोळा लावायला सांगितला आणि मला म्हणाल्या, "धुमाळभाऊ, जरा उडी मारा." मी उडी मारली. "आई शप्पत!" मिस्त्री ओरडले, "चांदनी नाचली!" मग त्यांनी स्वतःच छिन्नी-हातोडा घेतला. लाल पट्टी फोडताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण आज वेधशाळेत कोणी पाहुणा आला की ती फट दाखवायला मिस्त्रीच पुढे असतात.

एवढी सगळी जमवाजमव झाली आणि मग तो धूमकेतू आला.

पावसाळा सरत आलेला. मॅडम दिवसातून चारदा फोन करायच्या. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, तोरण्याच्या अंगाला, खाली खाली दिसणार. थोड्याच संध्याकाळी दिसणार, रोज फिका होत जाणार, आणि पुन्हा येईल तेव्हा आपली, आपल्या नातवंडांची, भोर गावाचीही नावनिशाणी नसेल. आमचं सगळं मंडळ पिसाटल्यासारखं झालं होतं. सलीमनं लग्नाची एक ऑर्डर सोडली, यावरून काय ते ओळखा.

पहिल्या संध्याकाळी ढग. दुसऱ्या संध्याकाळी ढग. तिसऱ्या संध्याकाळी ढगांना भोक पडलं आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की आपण मोठी चूक करून बसलोय. वेधशाळेतून तोरण्याकडे बघितलं की बरोबर मध्ये, खालच्या अंगाला, कातळवाडी. आणि कातळवाडीच्या मधोमध आक्काचा दिवा. एरवी डब्याची टोपी पुरायची. पण धूमकेतू इतका खाली होता की टोपीखालचा लख्ख कातळ आणि उजळलेल्या भिंती थेट कॅमेऱ्याच्या तोंडावर यायच्या. सलीमच्या फोटोत खालची घरं सोन्याची झाली होती आणि शेपूट कुठे दिसेना.

चौथ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निघालं. दुपारीच सगळे जमले. सलीम मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुमी वायरमन. डीपीचा फ्यूज काढा की घटकाभर. फाल्ट झाला म्हनायचं. कुनाला कळतंय?"

माझं डोकं असं सणकलं! जन्मभर मी एकच आरोप ऐकत आलो होतो, की वायरमन मुद्दाम लाईट घालवतात. पावसात भिजून, चिखलात लोळून लाईन जोडून आलं तरी लोक म्हणायचे, यानंच घालवली असेल. त्या आरोपाला मी जन्मभर खोटं ठरवलं आणि आता निवृत्तीनंतर खरं करू? मी सलीमला नको ते बोललो. तो बिचारा कॅमेरा पुसायला लागला. मॅडम म्हणाल्या, "मग बघायचं कसं?" त्यांच्या आवाजात आर्जव होतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. एकीकडे असा पाहुणा की जो पुन्हा यायचा नाही, आणि दुसरीकडे मी एका विधवेला दिलेला शब्द.

"मागतो," मी म्हणालो, आणि वाडीकडे उतरलो.

आक्का खळं सारवत होती. मी कडेला उकिडवा बसलो.

"आक्का, काही मागायला आलोय."

"मागा की."

"दिवा."

"दिवा? तो तर तुमीच दिलाय न्हवं?"

"तोच परत मागतोय. आजच्या संध्याकाळपुरता, थोडा वेळ."

तिचा हात शेणात तसाच थांबला. "इजू देनार न्हाई म्हनला व्हता तुमी."

"म्हणालो होतो. म्हणून तर विचारायला आलोय."

मग मी तिला शेपटीच्या ताऱ्याचं सांगितलं. ते तिनं ऐकून घेतलं, पण तिच्या तोंडावर काही उमटलं नाही. तेव्हा मी तिला परमिटचं सांगितलं. हिर्डोशीचा खांब सांगितला, गिरणीवाला सांगितला, शिंद्याचा सासरा सांगितला. सासऱ्याला ती हसली. मी म्हणालो, "तसं समजा. तुम्ही सबस्टेशन, मी खांबावरचा माणूस. दिवा बंद करायचा तो तुम्हीच, तुमच्या हातानं. तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला. आणि काम झालं की मी स्वतः तुमच्यासमोर येऊन सांगेन, परमिट परत. मग लावा दिवा. दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही."

तिनं शेणाचा गोळा पुढे ओढला. मग म्हणाली, "आन् तेवढ्यात गोठ्याकडं कुनी निगालं तर?"

याला एकच उत्तर होतं आणि ते तोंडातून निघताना मला जड गेलं. "वाटेवर मी उभा राहतो, बॅटरी घेऊन. जो निघेल त्याला पोचवतो."

"मंग तुमचा तारा कोन बगनार?"

"सलीम फोटो काढेल. तो बघीन."

"बगते," ती म्हणाली आणि पुन्हा सारवायला लागली. बगते म्हणजे काय, हो की नाही, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

वर जाऊन मी मंडळाला सांगितलं. मग गौतम मिस्त्री उठले. "वाट लांब हाय, एकट्यानं व्हायचं न्हाई. म्या येतो." मागोमाग आणखी चौघं उठली. अख्खा महिनाभर ज्या ताऱ्यासाठी ही माणसं झोपली नव्हती, त्याच्याकडे पाठ करून उभं राहायला ती निघाली होती! दुर्बिणीपाशी मॅडम आणि सलीम एवढेच उरले. बॅटऱ्यांना आम्ही लाल जिलेटीन कागद बांधला, कारण लाल उजेडानं डोळे दिपत नाहीत आणि फोटोही बिघडत नाही. घरापासून गोठ्यापर्यंत दर वळणावर एक माणूस उभा केला. मी उभा राहिलो तो आक्काचा नवरा पडला त्या वळणावर.

सूर्य तोरण्यामागे गेला. तांबडं फिटत चाललं. आणि रोजच्या वेळेला आक्का ओट्यावरून उतरली, खांबाशी गेली आणि तिनं बटण दाबलं. दिवा लागला! तिनं हात जोडले. वरून छपराचा खडखडाट ऐकू आला, म्हणजे मॅडमही तयारीत होत्या. संपलं, म्हटलं. तिचंही काही चुकत नव्हतं.

आक्का देवघरात गेली. निरांजन लावून परत बाहेर आली. आणि मग, घाई नाही काही नाही, तिनं पुन्हा बटणाला हात लावला.

अंधार झाला. पण ती तिथे थांबली नाही. शेजारच्या दारात गेली आणि मला तिचा आवाज ऐकू आला, "ए, पडवीतला बलप घालीव." मग पुढच्या दारात. एकेक घर विझत गेलं. एवढं तर मी मागितलंही नव्हतं! कातळवाडीत वीज आल्यापासून असा अंधार कुणी आपणहून केला नसेल. माझ्या हातातल्या लाल ठिपक्यात माझीच दोन पावलं दिसत होती.

तेवढ्यात वरच्या घरातून एक चिमुरडी किंचाळली, "आये, त्ये बग! झाडू!"

मग एकच गलका झाला. "कुठं? कुठं?" "तोरन्याच्या वर!" "लई मोठ्ठा हाय की!" माणसं अंगणात आली, बायका हातातलं काम टाकून आल्या. माझी नजर जमिनीवर. शब्द दिला होता ना! एक म्हातारबुवा गोठ्याकडे निघाले त्यांना मी बोटाला धरून पोचवलं आणि परत आणलं. ते येता-जाता वरच बघत होते आणि मी त्यांच्या पायांकडे. शेवटी खालच्या वळणावरून मिस्त्री आले. "धुमाळभाऊ, तुमची वाट म्या बगतो. एकदा वर बगा."

मी बघितलं. काय सांगू तुम्हाला! तोरण्याच्या काळ्या कड्यावर एक ठसठशीत तारा आणि त्याच्यातून वर गेलेली धुरकट, लांबच लांब शेपूट. दुर्बीण नको, काही नको, उघड्या डोळ्यांना! मी मिस्त्रींचा दंड घट्ट धरून ठेवला होता, हे त्यांनी नंतर सांगितलं. "बास," ते म्हणाले, "आता खाली बगा." मी पुन्हा खाली बघायला लागलो आणि लाल ठिपका वाटेवर धरला.

सलीमचा तो फोटो आता भोरमध्ये त्याच्या स्टुडिओच्या काचेत आहे, नवरानवरींच्या मधोमध. वर शेपटीचा तारा, त्याखाली तोरण्याची धार, आणि त्याहीखाली नुसता काळा पट्टा. तो पट्टा म्हणजे कातळवाडी. नीट बघितलं तर त्यात कुंकवाच्या टिकल्या पडल्यासारखे लाल ठिपके दिसतात. मधला मी. लोक ताऱ्याकडे बघतात, मी माझ्या ठिपक्याकडे बघतो.

पण फोटोत न आलेली गोष्ट सांगायची राहिली आहे.

धूमकेतू कड्याला टेकला आणि दिसेनासा झाला. वरून सलीमनं शिट्टी मारली, म्हणजे काम फत्ते. मी आक्काच्या ओट्यापाशी गेलो. ती खांबाजवळ उभी होती, बटणाच्या पेटीला टेकून. जन्मभर फोनवर म्हटलेले शब्द मी तिच्यासमोर म्हणालो.

"काम झालं. सगळी माणसं खाली आहेत. परमिट परत करतो."

तिनं बटणाला हात लावला नाही. ती वर बघत होती. तारा गेला होता, पण आता सगळं आकाश उजळलं होतं. धूमकेतूच्या नादात आमचंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता चांदण्यांचा खच.

"वायरमनभाऊ," ती म्हणाली, "आमचं ह्ये गेल्यापास्नं म्या खालीच बगून चालत्ये. वर बगायचं इसरूनच गेल्ते."

मी बटणाच्या पेटीकडे बघितलं.

"ऱ्हाऊ द्या परमिट तुमच्यापाशीच. अजून जरा येळ."

परमिट परत घेतलं गेलं नाही तोवर लाईन जोडायची नाही, हा नियम. मी बॅटरी तिच्या पावलांशी धरली, आणि ती वर बघत राहिली.